टाकी ते कार्बोरेटर : जुन्या मोटारींतील विजेच्या इंधनपंपाविषयी

पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींत टाकी मागे आणि इंजिन पुढे असते, आणि या दोहोंमधले आठ-दहा फुटांचे अंतर पेट्रोलने कोणाच्या बळावर कापायचे, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. आजच्या गाडीत टाकीच्या पोटातच बसवलेला विजेचा पंप हे काम करतो आणि तो बिघडेपर्यंत मालकाला त्याचे अस्तित्व सहसा जाणवतही नाही. परंतु कार्बोरेटरच्या काळातील बहुसंख्य मोटारींत हे काम इंजिनाच्या अंगालाच चिकटलेल्या, इंजिनाच्याच हालचालीवर चालणाऱ्या एका लहानशा यांत्रिक पंपाकडे होते. अशा जुन्या मोटारीत यांत्रिक पंपाच्या जागी किंवा त्याच्या जोडीला विजेचा पंप बसवणे, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. वरकरणी तो दोन नळ्या, दोन तारा आणि चार नटबोल्टांचा मामला वाटतो आणि गॅरेजमध्ये अनेकदा तेवढ्यावरच उरकलाही जातो. प्रत्यक्षात मात्र त्यात द्रवाच्या उकळण्याचे शास्त्र येते, विजेची जोडणी येते, आगीपासूनचे संरक्षण येते आणि जुनी वस्तू जपताना तिच्यात किती हात घालावा याचा विवेकही येतो.

प्रारंभी शब्दांचा उलगडा करणे इष्ट आहे. मराठीत ‘पेट्रोल पंप’ म्हटले की रस्त्याकडेचे पेट्रोल भरण्याचे ठिकाणच डोळ्यांसमोर येते, म्हणून गाडीतल्या पंपासाठी येथे ‘इंधनपंप’ हा शब्द योजला आहे. गॅरेजमध्ये यांत्रिक इंधनपंपाला सर्रास ‘एसी पंप’ म्हणतात. या नावाचा वातानुकूलनाशी काहीही संबंध नसून, असे पंप बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचे ते नाव आहे आणि ते तिचे संस्थापक अल्बर्ट चॅम्पियन यांच्या आद्याक्षरांवरून पडले. पुढे पंप कोणत्याही कारखान्यातून आलेला असो, भारतीय मेकॅनिकच्या तोंडी तो एसी पंपच राहिला. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे ठरावीक प्रमाणात मिश्रण करून ते इंजिनाला पुरवणारे उपकरण. त्याला लागून फ्लोट चेंबर नावाची एक छोटी कुपी असते, जिच्यात पितळी किंवा प्लास्टिकचा पोकळ फ्लोट तरंगतो आणि पेट्रोल ठरावीक पातळीला पोचले की नीडल, म्हणजे टोकदार सुई, वर दाबून येणाऱ्या पेट्रोलची वाट बंद करतो. घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक ज्याने पाहिला आहे त्याला ही रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. इंधनपंपाचे काम ही कुपी भरलेली ठेवणे एवढेच आहे; गाडीला अधिक ताकद देणे हे त्याचे काम नाही, आणि ही मर्यादा ध्यानात न घेतल्यामुळेच या विषयात सर्वाधिक चुका होतात.

इंधनपुरवठ्याच्या इतिहासाकडे पाहिले, तर प्रत्येक पद्धतीची परीक्षा चढणीवर झालेली दिसते. अगदी आरंभीच्या मोटारींत पंप नव्हताच; टाकी कार्बोरेटरपेक्षा उंच ठेवायची आणि पेट्रोल आपल्या वजनाने उतरू द्यायचे, एवढीच योजना असे. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात बनलेल्या फोर्ड मॉडेल टी या गाडीची टाकी मूळ रचनेत पुढच्या आसनाखाली होती, त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असताना तीव्र चढ आला की इंजिन टाकीपेक्षा उंच होई आणि पुरवठा तुटे. अशा वेळी चालक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढवत असत. पुढे काही गाड्यांत हातपंपाने टाकीत हवेचा दाब भरून पेट्रोल पुढे ढकलण्याची सोय आली, आणि त्यानंतर निर्वात टाकीची पद्धत रूढ झाली, जी अमेरिकेत स्टुअर्ट-वॉर्नर आणि ब्रिटनमध्ये ऑटोव्हॅक या नावांनी ओळखली जाई. या पद्धतीत इंजिन हवा ओढताना जो कमी दाब निर्माण होतो त्याच्या साह्याने पेट्रोल मागच्या टाकीतून बॉनेटखालच्या छोट्या टाकीत खेचले जाई आणि तेथून ते वजनाने कार्बोरेटरमध्ये उतरे. युक्ती सुरेख होती, पण लांब चढावर चालकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला की हा कमी दाबच नाहीसा होई आणि इंजिनाला पेट्रोलची सर्वाधिक गरज असताना छोटी टाकी रिकामी पडे.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या यांत्रिक डायाफ्राम पंपाने ही अडचण दूर केली. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरील एक विलग उंचवटा पंपाचा दांडा हलवतो, दांडा कापडी अस्तराच्या रबरी पडद्याला, म्हणजे डायाफ्रामला, खाली ओढतो, त्यामुळे टाकीकडून पेट्रोल खेचले जाते, आणि मग पडद्याखालची स्प्रिंग पडदा वर ढकलून ते कार्बोरेटरकडे पाठवते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे : पेट्रोल पुढे ढकलण्याचे काम इंजिन करत नाही, स्प्रिंग करते. म्हणून फ्लोट चेंबर भरून नीडल बंद झाली की पडदा खालीच थांबतो, दांडा मोकळाच हलत राहतो आणि इंजिन कितीही वेगाने फिरले तरी दाब स्प्रिंगच्या ताकदीपलीकडे जात नाही. शिवाय इंजिन थांबले की पंप आपोआप थांबतो. या दुसऱ्या गुणाची किंमत तो गमावल्यावरच कळते, आणि प्रस्तुत पुस्तकाचा मुख्य आग्रह त्याच्याशीच निगडित आहे.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये विजेच्या पंपाचाही पाया घातला गेला. स्किनर बंधूंची एसयू ही कार्बोरेटर बनवणारी कंपनी १९२६ मध्ये मॉरिस उद्योगसमूहाकडे गेली होती. तिने आधी पेट्रोलिफ्ट नावाचे उपकरण आणि १९३० च्या दशकात पुढे दीर्घकाळ टिकलेला डायाफ्राम पंप बाजारात आणला, जो मॉरिस मायनर, एमजी, जॅग्वार अशा अनेक गाड्यांत कारखान्यातूनच बसवलेला असे. म्हणजे विजेचा पंप हा आधुनिक काळाने जुन्या गाडीवर लादलेला परका भाग आहे, हा समज सरसकट खरा नाही. एसयू पंपात कॅमशाफ्टची जागा विद्युतचुंबक घेतो : वेटोळ्यातून वीज वाहिली की पडदा ओढला जातो, ओढ पूर्ण झाली की एक उसळती कळ टंगस्टनचे पॉइंट झटक्यात उघडते, वीज तुटते, स्प्रिंग पडदा ढकलून पेट्रोल पुढे पाठवते, आणि पडदा परत जागेवर आला की पॉइंट पुन्हा जुळतात. या प्रत्येक फेरीचा एक ‘टक्’ असा आवाज येतो. किल्ली फिरवताच हे टक्-टक् भराभर सुरू होते, कुपी भरत आली की मंदावते आणि शेवटी एक टोला पडून थांबते. इंजिन सुरू करण्यापूर्वीच पेट्रोल पोचल्याची ती पावती असते. इंजिन बंद असताना टक्-टक् थांबतच नसेल, तर कोठेतरी गळती आहे, नीडल अडकली आहे किंवा पंप हवा खेचतो आहे, हे कानाला कळते. जाणते मेकॅनिक या पंपाची निम्मी तपासणी डोळे मिटून करू शकतात, ती यामुळेच. पॉइंट जळून पंप अडकला की त्याच्या अंगावर पान्याचा हलका ठोका मारून तो पुन्हा चालू करणे, हाही त्या काळच्या चालकांच्या नित्य सवयीचा भाग होता.

यानंतरच्या घडामोडी थोडक्यात सांगता येतात. अमेरिकी परंपरेत यांत्रिक पंप मुख्य राहिला आणि विजेचा पंप उन्हाळ्यासाठी किंवा गाडी सुरू करण्यापुरता, वेगळ्या बटणावर चालणारा मदतनीस म्हणून टाकीजवळ बसवण्याची चाल पडली. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये ल्युकास कंपनीचा पंप थेट टाकीत बुडवलेला होता, पण काही वर्षांतच त्या गाडीत पुन्हा बाहेरचा एसयू पंप आला. १९६७ पासून ट्रायम्फच्या टीआर ५ आणि नंतरच्या काही गाड्यांत इंजेक्शनसाठी, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारून देण्यासाठी, चौरस इंचाला सुमारे १०० पौंड दाबाचा पंप वापरला गेला, ज्याची मोटर मुळात वायपरच्या मोटरवरून घेतलेली होती आणि उष्ण हवेत तापून त्रास देत असे. इंजेक्शनची पद्धत सार्वत्रिक झाल्यावर पंप टाकीत, दाब चढा आणि जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी स्वतंत्र नळी, ही रचना स्थिरावली. आज जुन्या गाडीसाठी पंप निवडताना ब्रिटिश, अमेरिकी आणि इंजेक्शनच्या काळातील या तिन्ही परंपरांचे पंप एकाच दुकानात शेजारी शेजारी मांडलेले आढळतात, आणि त्यांचा मूळ संदर्भ ठाऊक नसलेला ग्राहक केवळ आकार आणि किंमत पाहून निवड करतो.

हा विषय आजच का महत्त्वाचा ठरतो, हे समजण्यासाठी प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण घेणे उपयुक्त आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी, फियाट ११०० या इटालियन गाडीची भारतीय वंशज, १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, एक कार्बोरेटर आणि इंजिनाला लागून बसवलेला यांत्रिक पंप घेऊन कित्येक दशके धावली. तिची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निरोप घेऊन गेली. १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव धारण करणाऱ्या पहिल्या गाड्या आता पन्नाशीला पोचल्या आहेत, म्हणजे कालपर्यंत जी भाड्याने धावणारी, घासाघीस करून विकली जाणारी वापरातली गाडी होती, ती आज जतनाची वस्तू होऊ लागली आहे. मे महिन्यात बोरघाट चढताना अशी गाडी आचके देऊन थांबावी, चालकाने बॉनेट उघडून पंपावर ओला फडका ठेवावा, वर थोडे पाणी शिंपडावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी गाडी काहीच न झाल्यासारखी सुरू व्हावी, हे दृश्य खंडाळ्याच्या वळणांवर एका पिढीने असंख्य वेळा पाहिले आहे.

त्या ओल्या फडक्यामागे जे शास्त्र आहे त्याला ‘व्हेपर लॉक’ म्हणतात : नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ होते, पंप द्रवाऐवजी वाफ दाबत-सोडत राहतो आणि पुढे काहीच जात नाही. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक ३५-४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. द्रव किती तापमानाला उकळेल हे त्याच्यावरील दाबावर अवलंबून असते; महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी १०० अंशांच्या चार-पाच अंश अलीकडेच उकळते आणि कुकरमध्ये ते १०० च्या बऱ्याच पुढे जाऊनही उकळत नाही. पुढे इंजिनाजवळ बसलेला पंप मागच्या टाकीतून पेट्रोल खेचतो, तेव्हा संपूर्ण नळीतला दाब हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणजे नळीभर महाबळेश्वर होते आणि तेही इंजिनाच्या व सायलेन्सरच्या धगीशेजारी. पंप टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा तिच्या खाली बसवला, तर तीच नळी दाबाखाली येते आणि कुकरसारखी वागते. विजेच्या पंपाचा खरा लाभ हा आहे, आणि तो पंपाच्या विजेत नसून त्याच्या जागेत आहे. यांत्रिक पंप कॅमशाफ्टला सोडून जाऊ शकत नाही. विजेचा पंप जाऊ शकतो. म्हणूनच जुना पंप काढून त्याच तापलेल्या जागी विजेचा पंप बसवणारा मेकॅनिक मालकाचे पैसे खर्च करतो, दोष मात्र तसाच ठेवतो.

यात आता इंधनाच्या बदलाची भर पडली आहे. भारतात २०२२ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. त्या इथेनॉलचा मोठा वाटा महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून येतो, त्यामुळे मराठी वाचकाला हा बदल दुहेरी जवळचा आहे. जुन्या गाड्यांच्या बाबतीत मात्र त्याचे परिणाम स्वच्छपणे सांगितले पाहिजेत. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते व मऊ करते, त्यामुळे डायाफ्राम आणि रबरी नळ्या अकाली जातात. ते हवेतील ओलावा शोषते आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीत गंज धरतो. ते टाकीच्या आतला जुना थर सोडवते आणि तो मळ फिल्टरमध्ये येऊन बसतो. शिवाय इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असल्याने जुन्या जेटवर, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रावर, मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि इंजिन चढावर अडखळते. हे अडखळणे पेट्रोल कमी पोचल्यासारखेच भासते, म्हणून मालक मोठा पंप बसवतो. पण कुपी आधीच भरलेली असते, दोष जेटमध्ये असतो आणि पंप बदलून तो जात नाही.

याच कारणाने पुस्तकाने निदानाला पंपापूर्वीचे स्थान दिले आहे. टाकीच्या झाकणातले हवेचे भोक बुजले की टाकीत निर्वात तयार होते आणि काही किलोमीटरनंतर गाडी बंद पडते. झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज येतो आणि ती पुन्हा चालते. इग्निशनची कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर दगा देतो तेव्हाही हुबेहूब व्हेपर लॉकचीच लक्षणे दिसतात. यांत्रिक पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बेकलाइटची एक जाड चकती असते, जी उष्णता अडवते आणि दांड्याची चालही ठरवते. दुरुस्तीच्या वेळी ती हरवून त्या जागी नुसते कागदी गॅसकेट लागलेले असणे हे जुन्या गाड्यांत नेहमी आढळते, आणि मग पंप अधिक तापतो आणि त्याची चालही बिघडते. अशा गाडीला विजेचा पंप नव्हे, ती चकती हवी असते. कार्बोरेटरकडची नळी सोडवून बाटलीत धरणे आणि ठरावीक वेळात किती पेट्रोल पडते ते मोजणे, ही साधी चाचणी यांतले बरेचसे प्रश्न निकालात काढते. अर्थात पेट्रोल उघडे असताना इग्निशन कॉइलची तार सुटी करणे, ठिणगीची प्रत्येक शक्यता दूर ठेवणे आणि अग्निशामक हाताशी असणे, या अटी तिच्यासोबतच येतात.

दुसरा कळीचा मुद्दा दाबाचा आहे, आणि येथे आकडे बोलके ठरतात. साधारण ४० अश्वशक्तीच्या इंजिनाला पूर्ण ताकदीने चालतानाही ताशी १०-१२ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर पेट्रोल पुरते; बाजारातला लहानात लहान विजेचा पंपही याच्या कित्येक पट पेट्रोल देऊ शकतो, त्यामुळे पेट्रोल कमी पडण्याची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता दाबाची करायची असते. एसयूसारख्या ब्रिटिश कार्बोरेटरला चौरस इंचाला दोन-तीन पौंड दाब पुरतो, अनेक अमेरिकी कार्बोरेटर पाच ते सात पौंडांवर चालतात, आणि इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीस पौंडांच्या पुढे जातो. नीडलच्या बैठकीचे छिद्र दोन मिलिमीटर व्यासाचे धरले, तर तीन पौंडांचा दाब त्या सुईवर साडेसहा ग्रॅम वजनाइतके बळ लावतो, सात पौंडांचा दाब पंधरा ग्रॅमइतके, आणि चाळीस पौंडांचा दाब नव्वद ग्रॅमच्या आसपास. त्याविरुद्ध उभा असतो तो एक पोकळ फ्लोट, ज्याची उचल तरफेच्या मदतीनेही मर्यादितच असते. त्याची उचल हरली की नीडल उघडीच राहते, कुपी ओसंडते आणि पेट्रोल एकतर सिलिंडरमध्ये उतरून तेल पातळ करते किंवा कार्बोरेटरच्या बाहेरून गरम सायलेन्सरवर ओघळते. मेकॅनिकच्या भाषेत ‘कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो’ म्हणून ज्या गाड्या येतात, त्यांच्यात दाब-नियंत्रकाविना बसवलेला परका पंप हे कारण आधी तपासावे लागते.

पण या पुस्तकाला सर्वाधिक पोटतिडिकीने जे सांगायचे आहे ते वेगळे आहे. गुरुत्वाकर्षणाची, निर्वाताची आणि यांत्रिक पंपाची उणीव चढावर उघडी पडली. विजेच्या पंपाची उणीव मात्र गाडी थांबल्यावर उघडी पडते. अपघातात नळी तुटली, इंजिन बंद पडले, चालक बेशुद्ध झाला आणि किल्ली मात्र चालूच राहिली, तर यांत्रिक पंपाची गाडी आपोआप पेट्रोल पाठवणे थांबवते, आणि इग्निशनच्या तारेला सरळ जोडलेला विजेचा पंप तुटलेल्या नळीतून मिनिटाला लिटर-सव्वा लिटर पेट्रोल रस्त्यावर ओतत राहतो. इंजिन आणि पंप यांच्यातले जे नाते कॅमशाफ्टने विनासायास राखले होते, ते विजेचा पंप बसवणाऱ्याने हेतुपुरस्सर पुन्हा जोडून दिले पाहिजे. ते जोडलेले नसेल तर ते काम पुरे झाले, असे म्हणता येत नाही.

ते जोडण्याचे मार्ग आहेत आणि ते महागही नाहीत. एक मार्ग इंजिन तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्विचचा : तेलाला दाब असेल, म्हणजे इंजिन फिरत असेल, तरच पंपाला वीज मिळते, आणि सुरुवातीला सेल्फ मारतानाची वीज वेगळ्या वाटेने दिली जाते. दुसरा मार्ग इग्निशन कॉइलचे स्पंद मोजणाऱ्या रिलेचा, जो किल्ली फिरवल्यावर काही सेकंद पंप चालवून कुपी भरू देतो आणि स्पंद आले नाहीत तर वीज तोडतो. तिसरे साधन आघात-स्विचचे, ज्यात एका शंकूच्या आकाराच्या बैठकीत पोलादी गोळी चुंबकाने धरून ठेवलेली असते. धडक बसली की गोळी चुंबकापासून सुटते, शंकूच्या कडेने वर चढते, कळ उडवते आणि पंप बंद होतो, आणि मग वरचे बटण हाताने दाबल्याशिवाय तो पुन्हा चालू होत नाही. हा स्विच गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवला नाही, तर खड्ड्यांच्या रस्त्यावर तो उगाच उडतो, आणि मग वैतागून त्याच्या तारा एकमेकींना जोडल्या जातात. तसे करणे म्हणजे तो न बसवण्याहून वाईट, कारण मालकाला वाटत राहते की संरक्षण आहे. यांपैकी एक मार्ग तरी हवाच, त्याबरोबर योग्य फ्यूज हवा, आणि पंप व त्याच्या तारा गाडीच्या विजेच्या दाबाला आणि ध्रुवतेला साजेशा हव्यात, कारण जुन्या जीपसारख्या गाड्या ६ व्होल्टच्या असतात आणि अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, जे इलेक्ट्रॉनिक पंपाला क्षणात निकामी करू शकते.

जुना यांत्रिक पंप जागेवरच ठेवून विजेचा पंप त्याच्यातूनच पेट्रोल पाठवतो, अशी जोडणीही केली जाते. ती दिसायला चांगली आणि जतनाच्या दृष्टीने सोयीची आहे, पण जुना पडदा फाटला तर विजेचा पंप पेट्रोल थेट इंजिनाच्या तेलात लोटू लागतो, आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येईपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. ही जोडणी ठेवायची असेल तर पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा आणि नवा असला पाहिजे; नाहीतर जुना पंप काढून त्या जागी पत्र्याची चकती गॅसकेटसह बसवणे अधिक सुरक्षित.

येथून चर्चा जतनाच्या प्रश्नाकडे वळते आणि त्याबाबतीत मोटारप्रेमींमध्ये खरी मतभिन्नता आहे. एका पक्षाच्या मते गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे. ओल्या फडक्याची गरज हाही तिच्या इतिहासाचाच भाग आहे. दुसरा पक्ष म्हणतो की उभी राहून गंजणाऱ्या गाडीपेक्षा रस्त्यावर चालणारी गाडी अधिक जिवंत असते, म्हणून सुरक्षितता आणि भरवसा वाढवणारे बदल स्वीकारावेत. तिसरा, अलीकडे वाढलेला पक्ष जुन्या अंगात संपूर्ण नवे यंत्र घालण्याचा आहे, आणि त्याचा विचार येथे केलेला नाही, कारण त्यात जुन्या यंत्राचा प्रश्नच उरत नाही. जुन्या वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ, ‘फिवा’, याच्या ट्यूरिन सनदेने अपरिहार्य बदल लहान, नजरेत न भरणारे आणि उलटवता येतील असे असावेत, ही दिशा दिली आहे. भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र व्यवस्था झाली, जी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या, सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत भरीव बदल न केलेल्या दुचाकी-चारचाकींना लागू होते. पन्नाशीत पाऊल टाकणाऱ्या पद्मिनीच्या मालकाने म्हणूनच आज केलेल्या प्रत्येक भोकाचा विचार उद्याच्या नोंदणीच्या दृष्टीने केला पाहिजे. पुस्तकाचा कल उघडपणे दुसऱ्या पक्षाकडे आहे, पण पहिल्या पक्षाची शिस्त पाळून : बॉडीला नवे भोक न पाडता आधीच्या बोल्टांचा आधार घ्यावा, मूळ धातूची नळी कापू नये, नव्या तारा मूळ तारांच्या गुच्छात न मिसळता वेगळ्या रंगाने वेगळ्या ठेवाव्यात आणि संपूर्ण काम एका दुपारी उतरवता येईल असे असावे.

या विषयावरचे ज्ञान आजवर बहुतांशी हातांमध्ये राहिले आहे. २००० च्या सुमारास प्रदूषणाच्या कडक नियमांबरोबर कार्बोरेटरची सद्दी संपली, आणि त्यानंतर गॅरेजमध्ये शिकायला आलेल्या मुलाने फ्लोटची पातळी कधी जुळवलेलीच नसते. ज्यांनी ती जुळवली ते आता साठी-सत्तरीत आहेत. इंग्रजीत यावर पुस्तिका भरपूर आहेत, पण त्या थंड हवेच्या देशांतील गाड्या, तिथले पेट्रोल आणि तिथल्या बाजारात मिळणारे भाग डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या आहेत. ४२ अंशांचे विदर्भातील ऊन, पावसाळ्यात चार महिने उभी राहणारी गाडी, घाटातली संथ रांग आणि २० टक्के इथेनॉल यांचा विचार त्यांत येणे शक्यच नव्हते. ही उणीव मराठीतून भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे. त्याचा वाचक म्हणजे हातात पाना धरायला तयार असलेला मालक आणि त्या मालकाशी सविस्तर बोलायची तयारी असलेला मेकॅनिक, असे गृहीत धरले आहे. म्हणून आकृत्या मोठ्या छापल्या आहेत, भागांची नावे दुकानात उच्चारली जातात तशीच ठेवली आहेत, आणि इंजेक्शनच्या गाड्या, डिझेल इंजिने व शर्यतीच्या गाड्या यांना हात लावलेला नाही. कोणता पंप विकत घ्यावा याची शिफारसही केलेली नाही, कारण बाजार बदलत राहतो. पंपाचा दाब मोजावा कसा, हे मात्र तपशीलवार सांगितले आहे.

विजेचा पंप बसवल्यावर काढलेल्या यांत्रिक पंपाचे काय करायचे, यासाठी पुस्तकात स्वतंत्र पाने राखली आहेत. पंपातले सगळे पेट्रोल उघड्या हवेत ओतून तो पूर्ण कोरडा होऊ द्यावा, दांड्याला तेलाचा हात फिरवावा, बेकलाइटची चकती आणि दोन्ही बाजूंची गॅसकेटे त्याच्याच बोल्टांनी जागेवर आवळावीत, नळीची दोन्ही तोंडे कापडी गुंडाळीने बंद करावीत, काढल्याची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी तारेने बांधावी, आणि पंप गाडीच्याच डिकीत, जॅकशेजारी ठेवून द्यावा.